आत्याचा ढिला स्क्रू

माझ्या आत्याने जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, आणि त्यातही 'रासायनिक अभिक्रियेचा वेग' हा तिचा लाडका धडा. अंड्याचं टरफल आख्खं आम्लात टाकलं तर बुडबुडे कसे रमतगमत येतात आणि तेच कुटून टाकलं तर फेस भांड्याबाहेर कसा उड्या मारतो, हे दाखवताना ती इतकी रंगून जायची की पहिल्या बाकावरच्या मुली वह्या छातीशी धरून मागे सरकायच्या. निवृत्त झाली तरी धडा काही सुटला नाही. बटाटे उकडायला टाकले की आतून हाक येते, "चिरून टाक गं ठमे, पृष्ठभाग वाढव!" ठमी म्हणजे मी. माझं खरं नाव तिच्या तोंडून मी फक्त निकालाच्या दिवशी ऐकलेलं आहे.

आई-बाबांच्या नोकऱ्या फिरतीच्या, म्हणून मी लहानपणापासून आत्याकडेच वाढले. आमचं घर वरच्या मजल्यावर आणि खाली रस्त्याला लागून माझं पार्लर. आत्याने लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "संहती कमी पडली." म्हणजे तिच्या उमेदीच्या काळात आसपास ज्यांना माणूस म्हणावं असे पुरुष फारच विरळ होते.

संहती वाढली ती उशिरा, आणि तीही बरोबर समोरच्या फुटपाथवर. तिथे चष्म्याचं दुकान आहे. दुकानातले काका विधुर, शांत आणि सावकाश. सावकाश म्हणजे किती, तर ते "बसा" म्हणेपर्यंत गिऱ्हाईक उभ्या उभ्या भिंतीवरच्या सगळ्या फ्रेमा डोळ्यांना लावून मोकळं होतं. पण हात सोन्याचा. त्यांनी बसवलेली काच कधी हलायची नाही आणि त्यांनी वाकवलेली काडी कधी कानाला टोचायची नाही.

अशा माणसाने आवळलेला स्क्रू आत्याच्या चष्म्यात मात्र टिकेना. डाव्या काडीचा स्क्रू दर आठ-दहा दिवसांनी ढिला व्हायचा, आत्या "काय बाई हा स्क्रू" म्हणत रस्ता ओलांडायची आणि परत येताना चेहरा असा करायची जणू नळाची तक्रार करून आली आहे. एकदा मी पार्लरमध्ये काहीतरी शोधत मागे वळले तर ही बया कोपऱ्यात बसून माझ्या नखं घासायच्या कानशीच्या टोकाने तो स्क्रू शांतपणे उलटा फिरवत होती. मी पडद्याआड झाले. ताकाला जाऊन भांडं लपवायचं असेल तर लपवू दे. एवढ्या उशिरा ताक मागायला निघालेल्या बाईचं भांडं ओढून काढण्याइतकी मी काही दुष्ट नाही.

स्क्रू आवळायला मिनिटभर पुरतं. काका चांगला पाऊण तास लावायचे. आधी काचा पुसायच्या, मग नाकावरच्या गाद्या तपासायच्या, मग पुन्हा काचा. आत्या स्टुलावर बसून बोलायची आणि काका ऐकायचे. क्वचित ते एखादं वाक्य बोलायचे आणि मग ते वाक्य आमच्या ताटात वाढलं जायचं.

"आज म्हणाले, हवा छान आहे."

"मग?"

"मग काय मग? होतीच छान."

"आत्या, तू वर्गात सांगायचीस, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एका भांड्यात ठेवले तरी वर्षानुवर्षं नुसते शेजारी शेजारी नांदतात. पाणी व्हायला ठिणगी लागते."

"जेव," आत्या म्हणायची. "स्क्रूचं काम आहे. उगाच ठिणग्या नकोत."

आणि मग काही आठवड्यांपूर्वी तो स्क्रू ढिला व्हायचा थांबला.

आत्या दुकानातून आली ती तोंड मिटून. रात्री तिने कानस चालवली, दुसऱ्या दिवशी टाचणी, तिसऱ्या दिवशी माझा एक चांगला भुवयांचा चिमटा वाकडा केला. स्क्रू ढिम्म. "काहीतरी लावून पक्का केलाय त्यांनी," ती मला म्हणाली, आणि आवाज असा होता की मला थट्टा सुचेना. "माझ्या बडबडीला कंटाळले असतील. चांगला माणूस आहे, तोंडावर कसं सांगणार? म्हणून स्क्रूला सांगितलं."

मी पुष्कळ समजावलं. पण आत्या नाकावर माशी बसू देणारी नाही. जिथे आपली अडचण होते तिथे ती दुसऱ्यांदा जात नाही. तिने समोर जाणं सोडलं. भाजीला जाताना ती आपल्याच बाजूच्या फुटपाथने जायची, आणि गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालताना पाठ रस्त्याकडे करून घालायची. कुंड्यांमधलं निम्मं पाणी त्यामुळे खाली माझ्या गिऱ्हाइकांवर पडत होतं, पण ते एक असो.

मग बातमी आली की काका दुकान बंद करून मुलाकडे राहायला चालले आहेत. मुलगा लांबच्या शहरात मोठा साहेब आहे. तोही आत्याचाच विद्यार्थी. आत्याने बातमी ऐकली, "बरं झालं, म्हातारपणी एकटं राहू नये," म्हणाली आणि त्या दिवशी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. आम्ही दोघींनी तो चहा संपवला.

जायचा दिवस उजाडला. मुलगा चारच्या सुमाराला गाडी घेऊन येणार, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. तीन वाजता आत्या जिना उतरून पार्लरमध्ये आली आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली.

"केस रंगव," ती म्हणाली.

माझ्या हातातला कंगवा खाली पडला. जिने मला पार्लर काढताना "पांढऱ्याला काळं म्हणायचा धंदा" असा आशीर्वाद दिला होता, ती ही बाई.

"कशासाठी?"

"जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा आहे."

"कधी?"

"असेल कधीतरी. तू रंगव."

मी समजायचं ते समजले. साधा तपकिरी रंग काढला. केसांच्या रंगात दोन गोष्टी मिसळाव्या लागतात. एक रंगाची ट्यूब आणि दुसरा डेव्हलपर, म्हणजे पेरॉक्साइड. पांढऱ्या केसांना मी सहा टक्क्यांचा वापरते. बारा टक्क्यांची बाटली असते ती ज्यांना काळे केस पिवळे करून हवे असतात त्या मुलींसाठी.

"या बाटल्या उन्हात का?" आत्या लगेच कडाडली. "उजेड आणि उष्णता मिळाली की पेरॉक्साइड फुटतं. मग उरतं नुसतं पाणी. तू काय केसांना पाणी लावतेस?"

ती उठली आणि खिडकीतल्या बाटल्या स्वतः सावलीत नेऊन ठेवल्या. प्रत्येकीवरचं लेबल नाकाशी धरून वाचलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. "ढवळायचं माझ्याकडे दे," आत्या म्हणाली, "तुझा हात फोनवर असला की जीव भलतीकडे असतो." तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आत्याने कुणाचं काम मागून घेतलं की त्यात सुधारणा होतात.

मी परत आले तेव्हा वाडग्यात मिश्रण तयार होतं आणि आत्या चष्मा काढून शहाण्या मुलीसारखी बसली होती. मी केसांचे भाग पाडून रंग लावला, वर प्लॅस्टिकची टोपी घातली.

"किती वेळ?"

"चाळीस मिनिटं धर."

"फार होतात."

"पी हळद आणि हो गोरी, असं नसतं आत्या."

"तापमान दहा अंशांनी वाढलं तर वेग साधारण दुप्पट होतो," आत्या समोरच्या आरशाला म्हणाली. चष्म्याशिवाय तिला आरशात एक टोपीवाला ढग दिसत असणार. "हे मी मुलांना सांगताना कुणी ऐकत नव्हतं. तूसुद्धा नाही."

"ऐकलंय. म्हणून तर तुला थंड जागी बसवलंय."

एवढ्यात दार ढकलून टेलरवहिनी आल्या. काकांच्या दुकानाला लागून त्यांचं शिवणकामाचं दुकान. भुवया करायच्या होत्या. मी त्यांना आडवं केलं, दोऱ्याचं एक टोक दातात धरलं आणि कामाला लागले. भुवया दोऱ्याने करणाऱ्या बाईला एक मोठा तोटा असतो. तिच्या गिऱ्हाइकाला बोलता येतं, तिला नाही.

"गाडी आली बरं का," वहिनी डोळे मिटून म्हणाल्या. "मुलगा खोकी भरतोय. काका नुसते उभे आहेत. एवढं चालतं दुकान, पण मन उडालं बघा त्यांचं." मग आवाज जरा चढवून, कारण आत्या पलीकडच्या खुर्चीत होती, "बाई, तुमच्या त्या स्क्रूचं किती मनाला लावून घेतलं होतं त्यांनी!"

पलीकडची खुर्ची करकरली.

"माझ्या स्क्रूचं?"

"तर काय! माझ्याकडून मेण नेलं, बारीक रेशीम नेलं, स्क्रूच्या आट्यांत घालून बघितलं. काही टिकेना. शेवटी इथूनच पारदर्शक नेलपॉलिश घेऊन गेले, त्याचा थेंब सोडला तेव्हा कुठे पक्का बसला. म्हणाले, बाईंचे गुडघे दुखतात, माझ्या कच्च्या कामापायी त्यांना सारखा जिना उतरावा लागतो. फार लाज वाटते म्हणाले."

माझ्या दातातला दोरा तेवढा चर्र चर्र वाजत होता.

"ठमे," आत्या म्हणाली. "नेलपॉलिश तू दिलंस?"

"अं," मी म्हटलं. दात दोऱ्यावर.

"कशाला हवंय, विचारलं नाहीस?"

"अं-अं."

"म्हणजे वेग मंद करणारा पदार्थ माझ्या घरातच होता! जेवूखाऊ घालून वाढवलेला!" आत्या म्हणाली. रागावली होती, पण त्या रागाखालून काहीतरी वेगळंच वर येत होतं. मला तो आवाज माहीत होता. परीक्षानळीत हवा तो रंग आला की ती असं बोलायची. "कंटाळले नव्हते," ती हळूच म्हणाली. मला नाही, वहिनींनाही नाही.

आणि मग माझ्या पाठीमागे घूं असा आवाज सुरू झाला.

पार्लरमध्ये डोक्यावर घुमटासारखा येणारा एक ड्रायर आहे. आत्याने तो स्वतःवर ओढून घेतला होता. त्याला तीन वेग आहेत. मी आवाजावरून ऐकलं, पहिला, दुसरा, तिसरा. "अं! अं-अं!" मी ओरडले. वहिनींची एक भुवई झाली होती आणि दुसरी जंगलासारखी होती. अर्ध्यात सोडलं असतं तर त्यांनी माझ्याकडून गल्लीत तोंड दाखवायची भरपाई मागितली असती. मी हात चालवला, दुसरी भुवई कशीबशी आवरली, दोरा थुंकला आणि धावले.

ड्रायर बंद करून टोपी काढली. उग्र वास आला. मी वाडगं बघितलं, मग सावलीतल्या बाटल्या बघितल्या. सहा टक्क्यांची भरलेली होती तशीच होती. बारा टक्क्यांची निम्मी.

"आत्या!"

"संहती दुप्पट, तापमान जास्त," ती म्हणाली. "चाळीस मिनिटांचं काम पंधरात व्हायला हवं."

"टाळू भाजली असती!"

"थोडं चुणचुणलं. तू धू आधी. गाडी आलीय म्हणतात त्या."

मी तिचं डोकं बेसिनवर धरलं आणि पाणी सोडलं. तपकिरी रंग भराभर वाहून गेला. फारच भराभर. जणू केसांशी त्याची ओळखच झाली नव्हती. पाणी स्वच्छ यायला लागलं तेव्हा मी टॉवेलने केस टिपले, आणि टेलरवहिनी, ज्या जायच्या सोडून उभ्याच होत्या, त्यांनी पदर नव्हता म्हणून तोंडावर धरायला एक टॉवेल ओढला.

"कसे झाले?" आत्याने विचारलं.

मी टॉवेल पुन्हा एकदा केसांवरून फिरवला.

"काळे?"

"नाही."

"तपकिरी?"

"गाजर माहितीये ना तुला?"

"सगळे?"

"नाही, सगळे नाही. वरचे पांढरेच राहिलेत. कानांपाशी गाजर."

"उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग ऐकलं होतं," वहिनी टॉवेलाआडून म्हणाल्या.

आत्या मात्र विचारात पडली होती. बोट वर झालं. "दोन कामं असतात, ठमे. रंगाने केसाच्या आत शिरायचं, आणि मग आत जाऊन रंग तयार व्हायचा. मी दुसऱ्या कामाला पळवलं, पहिलं बिचारं मागेच राहिलं. रंग बाहेरच्या बाहेर तयार झाला आणि धुऊन गेला. पेरॉक्साइडने मात्र कानांपाशी जे काळे उरले होते त्यांचा रंग तेवढा उडवला." ती जवळजवळ खूश दिसत होती. "वेग वाढवताना कशाचा वाढवतोय, ते बघायला हवं होतं. हे मी कधी शिकवलंच नाही."

मग तिने हात पुढे केला. "चष्मा."

मी चष्मा दिला. तिने तो लावला आणि आरशात बघितलं. खुशी हळूहळू उतरत गेली. इस्त्रीची घडी मोडलेल्या कपड्यांत ही बाई कधी शाळेत गेली नाही. खडूची भुकटी बाहीवर राहिली तर तास थांबवून झटकायची. तिने एक गाजरी बट बोटात धरली, सोडली, पुन्हा धरली.

"नको," ती म्हणाली. "अशी नाही जायची मी. जाऊ देत त्यांना. निरोप काय, फोनवरही देता येतो."

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी बरं वाटलं. एकदम, पोटातून बरं वाटलं. गाडी जाईल, आत्या वर येईल, मी तिचे केस नीट करीन, आणि उद्या सकाळी "ऊठ गं ठमे, सूर्य डोक्यावर आला" हे मलाच ऐकायला मिळेल, दुसऱ्या कुणाला नाही. इतके दिवस मी तिची थट्टा करत होते ते आत्या कुठे जाणार नाही या भरवशावर. हे मला तिथे, हातात ओला टॉवेल घेऊन कळलं, आणि स्वतःचा चांगलाच राग आला.

बाहेर हॉर्न वाजला.

आत्या आरशातच बघत होती. चेहरा असा, की निकाल लागला आहे आणि तो वाचायला तिला कुणीतरी हवं आहे.

"आत्या," मी म्हटलं, "फोनवर तू काय बोलणार? हवा छान आहे?"

तिने माझ्याकडे वळून बघितलं.

"गेलीस तर मला तुझी फार आठवण येईल," मी म्हटलं. ती समोरच्या फुटपाथवर जात होती, परदेशात नाही, पण मला तसंच वाटत होतं. "जा तू. केस मी नंतर बघते."

आत्या उठली. टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला आणि दार उघडून तशीच बाहेर पडली. मी आणि वहिनी मागोमाग. वहिनींना थांबवायचा मी प्रयत्न केला नाही. तेवढा हक्क त्यांनी कमावला होता.

समोर दुकानाचं शटर अर्धं खाली आलेलं. गाडीची डिकी खोक्यांनी भरलेली. काकांचा मुलगा, चाळिशीचा, कपाळावरून केस मागे हटलेला, शेवटचं खोकं आत बसवत होता. काका हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभे होते. आत्याला येताना बघून त्यांनी किल्ल्या खिशात घातल्या, पुन्हा काढल्या.

"बाई," ते म्हणाले. "केस..."

"केसांचं नंतर," आत्या म्हणाली. धाप लागली होती तिला. "स्क्रू मीच ढिला करत होते."

काका बघत राहिले. त्यांचं सगळंच सावकाश. त्या वाक्याला आत शिरायलाही वेळ लागला.

"कशाने?" त्यांनी विचारलं.

"हिच्या कानशीने. नखांच्या."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी. तुमचं काम पक्कंच असायचं. हात दुखायचा माझा उघडताना."

काकांनी आपला उजवा हात वर केला आणि बघितला, जणू तो बऱ्याच दिवसांनी घरी आला आहे. "मला वाटलं, हात गेला माझा," ते म्हणाले. "एवढासा स्क्रू. आवळतोय, आवळतोय आणि टिकत नाही, शेवटी चिकटवावा लागला. म्हटलं, ज्याला स्क्रू बसवता येत नाही त्याने लोकांच्या डोळ्यांवर काय काचा बसवायच्या? म्हणून तर याला म्हटलं, घेऊन जा मला."

हे आत्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, आणि वहिनींनाही नव्हतं, म्हणजे गल्लीत कुणालाच नव्हतं. इतके दिवस जो माणूस आपल्याला टाळतोय असं तिला वाटत होतं, त्याला तिनेच, नुसतं त्याच्याजवळ बसायला मिळावं म्हणून, आपल्या हाताने दुकानाबाहेर काढलं होतं.

"हात शाबूत आहे हो तुमचा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज, तो फुटलेला मी पहिल्यांदा ऐकला. "माझ्याच डोक्याचा स्क्रू ढिला होता. सरळ येऊन बसायला काय झालं होतं मला? जाऊ नका तुम्ही."

काकांनी एकदा भरलेल्या डिकीकडे बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस म्हणणार की हवा छान आहे, आणि मी त्याला तिथेच काहीतरी फेकून मारणार.

"सामान भरून झालंय, बाई," ते म्हणाले.

"भरलेलं उतरवता येतं," आत्या नाक ओढत म्हणाली. "ही उलट फिरणारी अभिक्रिया आहे."

काका हसले. त्यांना हसताना मी कधी बघितलं नव्हतं. तेही सावकाश, आधी एका गालाने आणि मग दुसऱ्या. त्यांनी खिशातून घडी घातलेला काचा पुसायचा कपडा काढला आणि आत्याला दिला. तिने त्याने डोळे पुसले, मग सवयीने चष्माही पुसला.

"बाबा," मुलाने गाडीजवळून हाक मारली, "निघायचं ना? अंधाराच्या आत पोचायला हवं."

"तू हो पुढे," काका म्हणाले.

"म्हणजे? आणि तुम्ही?"

"मी आहे इथे."

मुलगा जवळ आला. त्याने बापाकडे बघितलं, मग आत्याकडे, आणि आत्याच्या कानांपाशी त्याची नजर जराशी अडखळली. "अहो, पण मग तुम्ही येणार कधी?"

काकांनी हात मागे बांधले.

"बाईंना विचार," ते म्हणाले.

तो चाळिशीचा साहेब आत्याकडे वळला. त्याचे दोन्ही हात आपसूक बाजूला सरळ झाले आणि पाय जुळले. "बाई," त्याने विचारलं, "बाबा कधी येतील?"

आत्याने ओली गाजरी बट कानामागे सारली.

"सुट्टीत," ती म्हणाली. "दोघं येऊ."

"हो, बाई," तो म्हणाला आणि डिकी उघडायला गेला.